भालेराव अक्कांचं परतीचं तिकीट

मागच्या आठवड्यात मी माझ्याच घरच्या इंटरनेटच्या डब्याशी खेळायला गेलो आणि स्वतःच स्वतःला बाहेर कोंडून घेतलं. म्हणजे मी खुर्चीतच होतो, डबाही समोर लुकलुकत होता; पण त्याच्या सेटिंगमधला एक आकडा बदलला आणि त्यानं मला ओळख दाखवायचंच बंद केलं. आकडा पूर्ववत करावा, तर ते पान उघडायलाही त्याच डब्यातून जावं लागतं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती हीच. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "चांगलं चाललेलं बघवत नाही ना तुम्हाला?" शेवटी डब्याच्या पाठीवरच्या बारक्या भोकात सेफ्टी पिन खुपसून धरली, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

तेवढा सगळा वेळ माझ्या कानात एकच वाक्य घुमत होतं. "जाधवराव, परतीचं तिकीट काढलं होतं का?"

हे वाक्य भालेराव अक्कांचं. सुमन भालेराव. त्या आता या गावात नसतात, पण त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून हलत नाही. मी त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काम केलं आणि माझ्या तिरसट स्वभावाला फार कमी माणसं पुरून उरली, त्यांत या एक.

आमचं ऑफिस बरकतपुऱ्यात होतं, दुसऱ्या मजल्यावर. खाली शिंप्याचं दुकान. दिवसभर खालून शिलाईची मशिनं आणि वरून आमचे फोन. काम काय, तर नांदेड, परभणी, लातूर, निजामाबाद अशा गावांतल्या रक्ततपासणीच्या लॅबचे कॉम्प्युटर हैदराबादेत बसून सांभाळायचे. मशीन तिकडं, आम्ही इकडं. लॅबवाल्यांच्या तक्रारी फोनवर ऐकणं हे माझं काम. मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषांतल्या शिव्या शांतपणे ऐकता येतात, एवढीच माझी पात्रता. अक्का नेटवर्क विभागाच्या प्रमुख. अक्का तेलुगूतही चालतं आणि मराठीतही, त्यामुळे त्यांना काय म्हणायचं यावर आमच्यात कधी भांडण झालं नाही.

ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात चक्क पळायचे बूट. "दोन जिने रोज चढायचेत, चपला काय करायच्या?" मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला. पर्समधला फोन बटणांचा. अख्ख्या नेटवर्कची मालकीण आणि फोन बटणांचा! मी चिडवायचो, तर म्हणायच्या, "स्मार्ट फोन म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं. मला नक्को."

त्यांची खरी ओळख मात्र त्यांच्या बशीवरून. कामाच्या मध्ये त्या चहा कपातनं घोट घोट प्यायच्या. पण एखाद्या दूरच्या मशीनची सेटिंग बदलताना संपर्क तुटला, की त्या ड्रॉवरमधून बशी काढायच्या, चहा तिच्यात ओतायच्या आणि फुंकर मारत बसायच्या. बशी निघाली की अख्ख्या ऑफिसला कळायचं, कुठंतरी काहीतरी तुटलंय. आम्ही घाबरे व्हायचो. साहेब केबिनमधून बाहेर यायचे. आणि या बाई निवांत फुर्र फुर्र करत चहा प्यायच्या. माझा असा संताप व्हायचा की काय सांगू!

एकदा मी विचारलंच. "अक्का, तिकडं लॅब बंद पडली, आणि तुम्ही चहा प्यायलात?"

"मग काय करू, रडू? तिकीट काढून ठेवलंय की."

मग त्यांनी मला समजावलं. दूरच्या मशीनचा पत्ता, म्हणजे त्याचा नेटवर्कमधला नंबर बदलायचा, तर ज्या वाटेनं आपण तिथं गेलो तीच वाट आपण बदलत असतो. एक आकडा चुकला की मशीन तिकडं, आपण इकडं, आणि मधलं दार बंद. म्हणून त्या काही बदलण्याआधी त्या मशीनला एक काम सांगून ठेवायच्या: दहा मिनिटांत मी परत येऊन 'राहू दे' म्हटलं नाही, तर सगळं आधी होतं तसं करून टाक. नवीन सेटिंग बरोबर निघाली, तर त्या आत जाऊन ते काम रद्द करायच्या. चुकली, तर चहा प्यायच्या. दहा मिनिटांनी तिकडचं मशीन आपलं आपण जुन्या सेटिंगवर यायचं आणि दार उघडायचं. "हेच परतीचं तिकीट," त्या म्हणाल्या. "जायच्या आधी काढायचं. गेल्यावर खिडकी बंद असते."

हे तिकीट त्यांना कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या वडिलांचं. वडील नांदेडकडच्या एका खेड्यातून हैदराबादला आले आणि सरकारी कचेरीत शिपाई झाले. वर्षातून एकदा गावी जायचे, तेव्हा काचीगुड्याच्या स्टेशनावर येण्याजाण्याचं तिकीट एकदमच काढायचे. लहानग्या सुमननं एकदा विचारलं, बाबा, येतानाचं नांदेडलाच मिळेल की.

"तेव्हा बाबांनी तिकीट कोटाच्या खिशात घातलं," अक्का सांगत होत्या. "मग गावात गेलो. पारावर माणसं बसलेली. बाबा सरकारी नोकर, अंगात कोट, पण पाराजवळ आल्यावर वहाणा हातात घ्याव्या लागल्या. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. मी बाबांकडं बघितलं, तर त्यांचा हात कोटाच्या खिशात. तिकीट चाचपायले होते. रात्री मला म्हणाले, पोरी, हे हाताला लागलं की मान खाली जात नाही बघ."

माझं घराणंही त्याच भागातलं. पारावर बसणारं. चहा गार झाला तो तसाच प्यायलो आणि माझ्या फोनांकडं गेलो.

असल्या बापाची ही लेक. जन्मभर परतीचं तिकीट काढूनच पाऊल टाकलेली. आणि तरी या बाईनं आयुष्यात एकदा, एकदाच, तिकीट न काढता एक गोष्ट केली होती. नवरा लवकर गेला, त्यानंतर एकटीनं वाढवलेल्या लेकीला म्हणाल्या होत्या की या घरात परत येऊ नकोस. आणि लेक खरंच आली नाही. हे मला फार उशिरा कळलं. त्याआधीच्या अक्का मला माहीत होत्या त्या अशा:

श्रीनू म्हणून आमच्यात एक नवा इंजिनियर आला होता. हुशार, आणि हुशार असल्याचं त्याला माहीत असलेला. एका सकाळी तो एकदम उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर. "अक्का, पोयिंदी!" पोयिंदी म्हणजे गेलं. परभणीकडच्या एका लॅबच्या मशीनचा पत्ता त्यानं बदलला, एक आकडा चुकला, आणि तिकीट? तिकीट कुठलं! साधी तर सेटिंग आहे, म्हणून काढलंच नव्हतं. तिकडं एका बाळंतिणीचा रक्ताचा रिपोर्ट त्या मशीनमध्ये अडकलेला, दवाखान्यातून त्यासाठी फोनवर फोन, आणि लॅबचा तंत्रज्ञ रक्ताचे नमुने आणायला बाहेरगावी. लॅबमध्ये कोण, तर झाडलोट करणाऱ्या सखूमावशी. त्यांना इंग्रजी अक्षर येत नाही.

लॅबच्या फोनवर सखूमावशी रडकुंडीला आलेल्या. मी त्यांना "स्क्रीनवर काय दिसतंय?" विचारलं, तर म्हणाल्या, "टीव्ही दिसायलाय." माझी अक्कल तिथं संपली. अक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मावशी, मी सुमन. नांदेडकडचीच हाय. रडू नका. चहा घेतला का सकाळचा?"

चहाची चौकशी झाली. मग एकेक चित्र दाबायला लावत त्यांनी मावशींना बरोबर त्या खिडकीपर्यंत आणलं, जिथं मशीनचा पत्ता लिहिलेला असतो. तिथं दोन इंग्रजी ओळी असतात. एक ओ अक्षरानं सुरू होते, म्हणजे पत्ता आपोआप घे. दुसरी यू अक्षरानं, म्हणजे मी देतो तोच पत्ता वापर. श्रीनूनं दुसरी निवडून चुकीचा पत्ता दिला होता. आता ओ आणि यू मावशींना सांगायचं कसं?

"मावशी, दोन ओळी दिसायल्यात का? एकीच्या तोंडाशी भाकरी हाय बघा, वाटोळी. दुसरीच्या तोंडाशी चूल हाय, वरनं उघडी."

मग मावशींचा आवाज एकदम मोकळा झाला. "अगं बया! हाय की! भाकरी बी हाय अन् चूल बी हाय!"

"मग भाकरीच्या शेजारचं टिपकं दाबा."

"पर भाकरी दोन ठिकाणी हाय. वर बी अन् खाली बी."

"दोन्ही दाबा. आधी वरची. आता सगळ्यात खाली दोन बटणं, त्यांतलं भाकरीवालं दाबा."

"दाबलं."

आणि श्रीनूच्या पडद्यावर परभणीचं मशीन परत उगवलं. रिपोर्ट गेला. बाळंतीण सुखरूप असल्याचा फोन मावशींनीच संध्याकाळी आवर्जून केला. पुढं दिवाळीला अक्कांनी परभणीला एक पातळ पाठवलं. आमच्या ऑफिसात मात्र तेव्हापासून कुठलाही निर्णय घ्यायचा असला की जो तो "भाकरी का चूल?" असंच विचारायला लागला. साहेबसुद्धा.

श्रीनू बिचारा खाली मान घालून बसला होता. त्याला वाटलं, आता अक्का सोलून काढणार. त्या त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मराठी, तेलुगू, दखनी सगळं मिसळून जे बोलल्या ते साधारण असं: "मशीन कुठं गेलं नव्हतं रे. तिथंच बसून होतं. आपल्याला त्याच्याकडं जायची वाट राहिली नव्हती, एवढंच. अशा वेळी बाहेरून कितीही डोकं आपट, काही होत नाही. आतून कुणीतरी हात लावावा लागतो. आज मावशी होत्या. प्रत्येक वेळी मावशी नसतात." शेवटचं वाक्य बोलताना त्या श्रीनूकडं बघत नव्हत्या, हे माझ्या लक्षात आलं. पण तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही.

दुसरा त्यांचा छळ पासवर्डचा. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला. मुलाचं नाव ठेवू नका, गाडीचा नंबर ठेवू नका. एकदा मी बायकोचं नाव ठेवलं, तर भर ऑफिसात म्हणाल्या, "जाधवराव, एवढं प्रेम उघड्यावर बरं नव्हे." सगळे हसले. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी त्यांनी ठेचा आणला. माझा राग ठेच्यापुढं टिकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक.

तर अशा बाईच्या घरी, दिलसुखनगरला, आम्ही एप्रिलात जयंतीला जेवायला गेलो. मी आणि बायको. तिसरा मजला, स्वच्छ दोन खोल्या, बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या, आणि शेजारी एका मुलीचा फोटो. जाड वेणी, नाक आईचं. "लेक? कुठं असते?" बायकोनं विचारलं. "कोलकात्याला. शिकायली," एवढं म्हणून अक्का खीर आणायला आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत.

मला वेळ घालवायला फोन लागतो. मी वायफाय शोधलं, तर यादीत एक नाव: 'आई ओरडायली'. मी खो खो हसलो. "अक्का, हे तुमचं?" अक्काही हसल्या. "लेकीनं ठेवलंय, प्रज्ञानं. बारावीत असताना. अख्ख्या बिल्डिंगला रोज दिसतं. पासवर्डही तिचाच." पासवर्ड विचारला तर तो त्यांनी सांगितला नाही. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचा एक चौकोन आणला आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर फोन धरा, आपोआप लागेल." लागलं.

"बारावीत असताना ठेवलेला पासवर्ड अजून तोच? आणि आमच्या मागं दर तीन महिन्यांनी सोटा?"

"राहू दे जाधवराव," त्या म्हणाल्या. "खीर घ्या." आवाज असा की मी पुढं बोललो नाही. मला गप्प बसवणं सोपं नाही, बायकोला विचारा.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी अक्का ऑफिसात आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. डोळे लाल, साडीला इस्त्री नाही. अक्का आणि इस्त्री नाही!

"तुमचा फोन द्या."

"काय झालं?"

"आधी फोन द्या. जयंतीनंतर बदलला नाही ना? सगळं पुसलं नाही ना?"

नव्हतं पुसलं. मी फोन दिला. त्यांनी तो एकदा उलटसुलट केला, मलाच परत दिला आणि खुर्चीत बसल्या. मग सगळं सांगितलं.

आदल्या दिवशी त्या ऑफिसात असताना इंटरनेटवाल्याचा माणूस येऊन गेला होता. शेजारणीकडं किल्ली असायची. तिनं दार उघडून दिलं. त्यानं जुना डबा काढून नेला, नवा बसवला, त्याला फ्लॅटच्या नंबराचं नाव दिलं, आणि मदत म्हणून कॉम्प्युटरमधलं जुनं नाव, जुना पासवर्डही पुसून टाकला. वर शेजारणीला सांगून गेला, "सब साफ करके दिया जी." 'आई ओरडायली' घरातून गेलं.

"मग काय झालं? नवं चालत नाही का?" मी विचारलं.

"चालतं. मला काय करायचंय त्याला?"

काही वर्षांपूर्वी प्रज्ञा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. एक दिवस म्हणाली, हे सोडते. कोलकात्याला आवाजाचं काम शिकायला जायचंय, ध्वनिमुद्रण. आईनं समजावलं, मग रागावली. आजोबांनी वहाणा हातात घेऊन जी वाट काढली, ती तू अशी सोडणार? शेवटी तोंडातून निघून गेलं, "हा उंबरठा ओलांडलास तर परत यायचं नाही." पोरगी आईचीच. शब्द म्हणजे शब्द. बॅग उचलली.

"आपल्यात बाहेर पडताना 'जाते' म्हणत नाहीत, जाधवराव. 'येते' म्हणतात. हे तेलुगू लोकसुद्धा 'वेळ्ळोस्ता' म्हणतात, जाऊन येते. पोरगी लहानपणापासून जिन्यातून ओरडत जायची, येते गं आई! त्या दिवशी उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, 'जाते.'"

अक्का कोलकात्याला होस्टेलच्या दारापर्यंत जाऊन आल्या होत्या. वॉचमननं वरून निरोप आणला: भेटायचं नाही. फोन करावा तर त्यांचा नंबर तिनं बंद करून ठेवलेला. एका मैत्रिणीकडून कळायचं की बरी आहे, शिकायली, आता कामही मिळालंय. बस्स. "तिच्या बाजूनं बंद आहे. बाहेरून मी कितीही ठोठावलं तरी काय होणार? माझ्या हातात एकच होतं. माझ्या बाजूनं काही बदलायचं नाही. नाव तेच, पासवर्ड तोच. कधी आली, दारापर्यंत आली आणि आत यायचा धीर नाही झाला, तरी तिच्या फोनला घर ओळखू यावं. आता तेही गेलं."

मी म्हटलं, "अक्का, एवढंच ना? नव्या डब्याला जुनं नाव द्या, जुना पासवर्ड द्या. तुम्हाला काय अवघड?"

"नाव येतं मला. पासवर्डचे शब्दही माहीत आहेत. 'येते गं आई.' पण तो तिनं टाकला होता, इंग्रजी अक्षरांत. येतेला वाय की नुसता ई? गंला एक ए की यू? आणि आईला किती ए लावलेत? एक अक्षर इकडचं तिकडं झालं, तर तिचा फोन ओळख देणार नाही. आणि बरोबर झालं का चूक, हे तपासायला जुना डबाच नाही राहिला. ते आता फक्त दोन ठिकाणी आहे. एक तिच्या फोनात आणि एक तुमच्या."

म्हणून माझा फोन. मी सेटिंगमध्ये गेलो. 'आई ओरडायली' तिथं होतं. फोन एकदा जोडला की विसरत नाही, माझ्यापेक्षा बरा. अक्का सांगतील तिथं दाबत गेलो, तसा तो ठिपक्यांचा चौकोन आला आणि खाली बारीक अक्षरांत पासवर्ड. अक्कांनी चष्मा लावला आणि बोटानं एकेक अक्षर मोजलं.

"तीन ए," त्या म्हणाल्या. "आईला तीन ए लावलेत. जिन्यातून ओरडायची तशी."

आणि त्या माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या. बशी न काढता. श्रीनूनं जाऊन त्यांच्या ड्रॉवरमधून बशी आणली आणि चहा ओतून त्यांच्यापुढं ठेवला. माझेही डोळे भरले, ते मी खोकल्यावर ढकललं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी नव्या डब्याला जुनं नाव दिलं आणि पासवर्ड दिला, तीन ए लावून. दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी, पायात बूट, अक्का पूर्ववत. मला म्हणाल्या, "नव्या डब्याचा एक फायदा झाला. कुणाचाही फोन जोडला गेला, की कॉम्प्युटर टिंग करतो आणि फोनचं नाव सांगतो. तेवढं बसवून घेतलंय." आणि हसल्या. पुढं किती तरी दिवस मी रोज सकाळी विचारायचो, "टिंग?" त्या मान हलवायच्या. नाही. मग मीच विचारायचं बंद केलं.

पुढच्या वर्षी अक्का निवृत्त झाल्या. समारंभ झाला, भाषणं झाली. श्रीनूनं भाषणात भाकरी आणि चूल सांगून सगळ्यांना हसवलं. घरी जाताना अक्का त्यांचा जेवणाचा डबा टेबलावरच विसरून गेल्या. मी तो घरी आणला. बायकोनं रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून त्यात धपाटी भरून दिली आणि दुसऱ्या दिवशी मी दिलसुखनगरला गेलो.

तिसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर एक मुलगी पायरीवर बसली होती. केस बारीक कापलेले, शेजारी भली मोठी सॅक, हातात फोन. वेणी नव्हती, पण नाक आईचं.

"कुणाकडं जायचंय, बेटा?" मी उगाच विचारलं.

"जायचंय. बसलेय जरा." मग तिनं माझ्या हातातला डबा बघितला. झाकणावर सु. भा. अशी अक्षरं कोरलेली होती. "तुम्ही आईच्या ऑफिसातले का?"

"मी जाधव."

"मैत्रीण म्हणाली, आई रिटायर व्हायली. कालच यायचं होतं, गाडी चुकली." एवढं बोलून ती थांबली. मग तिनं फोन माझ्यापुढं धरला. पडद्यावर होतं, 'आई ओरडायली', जोडलं गेलं आहे. "काका, हे आपोआप लागलं. मी काहीच दाबलं नाही. फोनसुद्धा हा तिसरा आहे माझा, जुन्यातलं सगळं नव्यात उतरवत आले फक्त. आई तर सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावते ना?"

"सगळ्या जगाला लावते. एवढा एक सोडून. मध्ये एकदा गेला होता, तो परत आणला त्यांनी. तीन ए मोजून."

ती माझ्याकडं बघत राहिली. ओठ दाताखाली धरलेला, डोळे भरलेले. उठली नाही. "तिनं सांगितलं होतं परत यायचं नाही म्हणून," ती हळूच म्हणाली.

मी काही बोलणार, तेवढ्यात वरचं दार उघडलं. आतून.

पुढच्याच महिन्यात अक्का लेकीबरोबर कोलकात्याला राहायला गेल्या. मी आजारी होतो, निरोप द्यायला जाता आलं नाही. त्यामुळं मला शेवटच्या दिसल्या त्या अशा: दारात उभ्या, पायात घरातही ते बूट, आणि हातात बशी. बशीतला चहा केव्हाच निवलेला. म्हणजे टिंग झालं होतं. फोनचं नाव दिसलं होतं. आणि ती बाई आत बशीत चहा ओतून, लेक आपली आपण येते का, याची वाट बघत बसली होती. दहा मिनिटं झाली, आली नाही, तेव्हा उठली.

"प्रज्ञा!" अख्खा जिना दणाणला. "किती वेळ बसायलीस तिथं? वर ये!"

पोरगी रडता रडता हसली. मला म्हणाली, "काका, आई ओरडायली." सॅक तिथंच टाकून दोन दोन पायऱ्या चढत गेली आणि उंबऱ्याशी थबकली. अक्कांनी बशी धरलेला हात बाजूला केला, वाट करून दिली. चहा सगळा साडीवर सांडला.

"आले गं आई," ती म्हणाली.

मी सॅक उचलून वर दाराशी नेऊन ठेवली आणि खाली उतरलो. रस्त्यावर आल्यावर बघतो तर डबा माझ्याच हातात.